सबब, ही सायकल आहे

४ जून

लायसन्स रिन्यू झालं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरने फॉर्मवर लाल पेनने 'अपात्र' असा शेरा मारला. वय असेल तिशीचं. भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. वरच्या दोन ओळी घडाघडा वाचल्या. खालच्या ओळींचं प्रिंटिंगच पुसट होतं, तसं तोंडावर सांगितलं. त्यावर म्हणे काका, तक्ता गेल्या आठवड्यातच नवा लावलाय. म्हणजे हल्ली नवा मालसुद्धा पुसट येतो.

एकतीस वर्षं कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतोय. तीही कळांकडे न बघता. ज्याला न बघता टाइप करता येतं, त्याला बघून गाडी चालवता येणार नाही, हे कुठल्या कायद्यात बसतं?

घरी हिला सांगितलं की सर्व्हर डाऊन होता.

५ जून

लेक आली आणि स्कूटरची चावी घेऊन गेली. बाबा, आता चालवायची नाही, बस्स. सर्व्हरचं हिने तिला काय सांगितलं देव जाणे. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

संकल्प: रोज दहा मिनिटं डोळ्यांचा व्यायाम. उद्यापासून.

८ जून

सापडलं! शेजारच्या टेबलावर जो बसतो, त्याला आम्ही 'कॉम्प्युटर' म्हणतो, कारण फाटकावर पहिला कॉम्प्युटर त्याने आणला. त्याला सहज इलेक्ट्रिक बाइकचे नियम शोधायला लावले. मोटर २५० वॉटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, तर ते मोटार वाहन नव्हेच. कायद्याच्या दृष्टीने सायकल. लायसन्स नको, नंबर प्लेट नको, डोळे नकोत. तीनदा वाचून घेतलं. मी स्वतःच वाचलं असतं, पण त्याच्या स्क्रीनचा उजेड फार.

तो म्हणाला की काका, खाली अटी पण आहेत. म्हटलं, अटी असतातच. जन्म गेला अटी टाइप करण्यात.

डोळ्यांचा व्यायाम राहिला. उद्यापासून दोन वेळा.

१२ जून

फाइल तयार. वर मोठ्या अक्षरात 'नियम'. आत स्वतः टाइप केलेलं एक पान: मी खाली सही करणार, धंदा टायपिंग, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर वाहन २५० वॉटचे असून ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त धावत नाही. सबब, ही सायकल आहे. लॅमिनेशनही करून आणलं.

ही म्हणाली की अहो, वाहन कुठाय? म्हटलं, आधी कागद, मग वाहन. ही कामाची पद्धत असते.

१५ जून

वाहन घेतलं. सेकंड हँड, हिरव्या रंगाचं. मिस्त्री बोलका आहे. म्हणे काका, डबल सीट चढ चढते, रडत नाही. मी त्याच्या तोंडाला न लागता खाली वाकून मोटरवरची पट्टी वाचली. दोनशे पन्नास. स्वतःच्या डोळ्यांनी.

हीही वाकली. म्हणाली, पहिला आकडा सातचा दिसतोय. हिला सगळीकडे खोड काढायची सवय. तिला म्हटलं, तू शिवणकामातली, हा माझा प्रांत.

मागची सीट मिस्त्रीने बसवून दिली.

१८ जून

चौकात वाहतूक पोलिसाने हात केला. मी थांबलो, म्हणजे त्याच्या थोडा पुढे जाऊन थांबलो. तोंड उघडायच्या आत लॅमिनेशन काढून हातात दिलं. त्याने वाचलं, उलटं करून बघितलं, साथीदाराला दाखवलं, दोघं पोट धरून हसले आणि जा म्हणाले. फाइलमध्ये नोंद केली: वाहतूक खात्याची मान्यता मिळाली.

तत्त्व म्हणून लिहून ठेवतो. तोंडी बोलण्याला किंमत नसते. लेखी द्यावं.

२४ जून

हिचा शिवणवर्ग पुलापलीकडे आहे. सोळा बायकांना शिकवते. रोज चालत जाते, चालत येते, वर पहाटे वेगळं फिरणं. लग्न झाल्यापासून ही माझ्यापुढे चार पावलं. मी मागून हाका मारायच्या, हिने वळून हसायचं, वेग तोच.

आता सांगितलं की उद्यापासून मी सोडणार. ती म्हणाली की मला चालायला आवडतं हो. म्हटलं, लोक काय म्हणतील, नवऱ्याकडे वाहन आणि बायको पायी. बराच वेळ ब्लाउजच्या बाहीला हात शिलाई घालत बसली. मग म्हणाली, ठीक आहे, मी मागे बसते, निदान पुढचं सांगता तरी येईल.

२८ जून

ही मागून सारखी बोलते. डावीकडे खड्डा. समोर बाई. लाल लागला, लाल लागला. कानाशी रेडिओ लावल्यासारखं. आज म्हणाली की मीटर अडतीस दाखवतंय. मीटरवरचे आकडे इतके बारीक की कोणालाही काहीही वाटावं. शिवाय स्वस्त मीटर जास्तच दाखवतात, हे सर्वांना माहीत आहे.

संध्याकाळी कॉम्प्युटरने न विचारता दोन अटी वाचून दाखवल्या. वेग पंचवीसच्या वर गेला की मोटर आपोआप बंद पडली पाहिजे. सीट एकच. मोटर बंद पडत नाही, हे खरं आहे. पण ती पडली तर चढावर ही खाली पडेल. नियम करणाऱ्यांनी विवाहित माणसाचा विचार केलेला दिसत नाही.

३ जुलै

डोळ्यांचा व्यायाम पुस्तकातून बघून करायचा असतो. पुस्तकाचा टाइप बारीक आहे. परत केलं.

शेजारीण जिन्यात भेटली, तिला तब्येत विचारली. ती लिफ्टवाल्याची छत्री निघाली, कठड्याला अडकवलेली. जिन्यात बल्ब लावत नाहीत. सोसायटीला लेखी तक्रार केली.

१२ जुलै, दुपारी, हॉस्पिटल

काल लिहिलं नाही.

संध्याकाळी पावणेसातला वर्गातून हिला घेऊन निघालो. बँकेच्या भिंतीशी वळलो. तिथे चावीवाला बसतो, भिंतीला टेकून, छातीवर मान घालून कानस घासत असतो. मला भिंतीची सावली दिसली. सावलीतून गाडी जाते. ही ओरडली, अहो, माणूस आहे, माणूस!

सावली नव्हती.

त्याचं उजवं मनगट गेलं. ही दुभाजकावर आपटली. डाव्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं आहे. मला गुडघ्याला खरचटलं. नर्सने माझ्याच गुडघ्याला आधी औषध लावलं, मी तिला सांगत होतो की माझं नाही, हिचं बघा.

स्ट्रेचरवर ही एकच वाक्य बोलली. त्या माणसाला कोणीतरी पाणी द्या.

१२ जुलै, संध्याकाळी

हवालदार आला. रस्त्यावर माणसं जमली ती नंतर, गाडी पडल्यावर. चावीवाला खाली मान घालून होता, त्याने फक्त चाक पाहिलं. हवालदाराने विचारलं, कोण चालवत होतं?

म्हटलं, लेखी देतो.

१३ जुलै

शांत डोक्याने विचार केला. मुद्दे येणेप्रमाणे.

सायकल असल्यामुळे गुन्हा कोणाचाच नाही. गुन्हाच नाही, तर कोण चालवत होतं हा प्रश्न नुसता औपचारिक.

माझ्या नावापुढे लाल शेरा आहे. तो उगाच वर येईल. फाटकाजवळच्या टेबलाचा परवाना कोर्ट देतं. गुन्हा नोंदला की परवाना रद्द, हे कलम मीच टाइप केलं होतं. टेबल गेलं तर मी कोण?

हिच्या नावावर कसलाच परवाना नाही. त्यामुळे रद्द होण्यासारखं काही नाही.

सबब, ही चालवत होती.

१४ जुलै

कागद घेऊन गेलो. ऑपरेशन परवा आहे. एकतीस वर्षांत हजारो लोकांनी माझ्या टेबलावर न वाचता सह्या केल्या. ही मात्र दूधवाल्याचं बिलसुद्धा वाचून सही करते. पाय वजनाला टांगलेला, तशीच अख्खं पान वाचत होती. मग विचारलं, मी चालवत होते?

सगळं समजावून सांगितलं. नियम, वॉट, परवान्याचं कलम. काही होणार नाही, सायकल आहे. ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली की तुम्हाला खरंच तसं वाटतं का, एवढंच सांगा.

म्हटलं, लेखीच आहे ना.

तिने पेन मागितलं. सही नेहमीसारखी, नावाच्या शेवटच्या अक्षराला वेलांटीसारखा टाका. लेक दाराशी उभी होती. किती ऐकलं कळलं नाही. तिने डबा ठेवला आणि गेली.

१६ जुलै

ऑपरेशन झालं. हाडात सळई घातली.

संकल्प: ही घरी आली की जाऊन सगळं खरं सांगायचं. आत्ता सांगितलं तर हिला त्रास होईल.

२५ जुलै

वाहन तपासणारा अधिकारी येऊन गेला. त्याने मोटरवरची पट्टी मोठ्याने वाचली. सातशे पन्नास. मी म्हटलं, साहेब, नीट बघा. तो म्हणाला, काका, तुम्ही बघा. मी वाकलो. दोनशे पन्नासच. त्याने मोबाइलवर फोटो काढून, मोठा करून, माझ्या नाकासमोर धरला.

सात होता.

पट्टी कोणीतरी बदलली असावी. अपघातानंतर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात होती, तिथे काय वाटेल ते होतं.

शेवटी त्याने लिहिलं: मोटार वाहन. नोंदणी नाही, लायसन्स नाही, दुसऱ्याला दुखापत. चालक: कागदावर सही करणारी बाई.

२ ऑगस्ट

हिला घरी आणलं. वॉकर घेऊन चालते. म्हणजे वॉकर पुढे ठेवते, मग पाय, मग वॉकर. पलंगापासून मोरीपर्यंत सात मिनिटं लागली. मी मागे उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी हिच्या मागे राहिलो नाही, थांबलो.

९ ऑगस्ट

हिचं पायमशीन खिडकीशी आहे. आज त्यावर बसली. डावा पाय पायपट्टीवर ठेवला, पट्टी हललीच नाही. उजव्याने प्रयत्न केला. पट्टा सुटला. तिने मशीनवर कापड झाकलं, चारी बाजूंनी नीट खोचून. वर्गातल्या बायका भेटायला आल्या होत्या. त्यांनी दुसरी बाई बघितली आहे, तात्पुरती म्हणे. ही म्हणाली की चांगलं शिकवते का? बाही कापायला शिकवा म्हणावं आधी, त्यातच सगळ्या चुकतात.

सोमवारी जाऊन खरं सांगणार. आज शनिवार, कोर्ट बंद.

११ ऑगस्ट

सोमवार. वकील तारखेत अडकले होते.

२० ऑगस्ट

चावीवाल्याकडे गेलो. बँकेच्या भिंतीशी आता त्याचा मेहुणा बसतो. रस्त्यावर बसायचा नियम काय, हा मुद्दा काढायचा ठरवून गेलो होतो. चावीवाला शेजारी स्टुलावर प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून मेहुण्याला सांगत होता, हळू घास, दात जाईल. मला बघून उठला. म्हणाला, वहिनींचा पाय कसा आहे? त्यांनी निरोप पाठवला होता, माझं चुकलं म्हणून. बाईमाणसाचा हात बसलेला नसतो काका हँडलवर, मी त्यांच्यावर राग धरला नाही.

मुद्दा काढला नाही. घरी येऊन हिला विचारलं, निरोप का पाठवलास? म्हणाली, कोणीतरी पाठवायला हवा होता.

१ सप्टेंबर

लेक माझ्याशी बोलत नाही. भिंतीशी बोलावं तसं बोलते. आईला समन्स आलंय, कोणीतरी वाचून दाखवा म्हणावं. भिंतीने वाचलं नाही. मी वाचायला घेतलं, टाइप फार बारीक. हिनेच वाचलं. बावीस तारीख. मी जिथे बसतो, त्याच कोर्टात.

रात्री झोप नाही. लाज वाटते. हे एक वाक्य लिहून ठेवतो, कारण कोणी वाचणार नाही.

१० सप्टेंबर

संकल्प: पंधरा तारखेपर्यंत.

१६ सप्टेंबर

संकल्प: वीस तारखेपर्यंत. घाई केली की चुका होतात.

२२ सप्टेंबर, सकाळी सव्वाअकरा

करून टाकलं! साडेआठलाच टेबलावर जाऊन बसलो. मशीनमध्ये कागद घातला, डोळे मिटले आणि एका दमात सगळं टाइप केलं. मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की दिनांक ११ जुलै रोजी सदर वाहन मीच चालवीत होतो. मला दिसत नाही. मला फेब्रुवारीपासून नीट दिसत नाही. माझ्या पत्नीने मला वारंवार सांगितले. तिची सही मी घेतली. दोष माझा. दोन पानं. कधी नव्हे इतकी बोटं चालली. छातीवरचा दगड उतरला. आता ही आली की तिच्या हातात देणार, मग वकिलाकडे. टेबल जाईल. जाऊ दे.

आत्ता लेकीची गाडी फाटकाशी थांबली. हिरव्या साडीत ही आहे. बाकी नंतर.

२२ सप्टेंबर, साडेपाच

सगळं क्रमाने लिहितो.

ही वॉकर घेऊन पायऱ्या चढली. सहा पायऱ्या. वर आल्यावर बाकावर बसली. मी कागद दिला. म्हटलं, खरं लिहिलंय. सगळं.

तिने चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं की रडतेय.

म्हणाली, अहो, यात एकही शब्द नाही.

डोळे मिटून बोटं ठेवली, ती एक घर उजवीकडे पडली होती. दोन्ही पानं. नुसती जोडाक्षरं आणि स्वल्पविराम, भजी तळल्यासारखी. सही तेवढी माझी.

तितक्यात शिपायाने हिच्या नावाचा पुकारा केला. ती उठली. कागद मला परत दिला आणि उभी राहिली. आत गेली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. पुन्हा पुकारा झाला. दार चार पावलांवर होतं, उघडं, न्यायाधीश समोर. तोंडी सांगायला किती वेळ लागतो? मी होतो. दोन शब्द.

म्हटलं, दहा मिनिटं दे. पुन्हा टाइप करून आणतो.

तिने 'बरं' अशी मान हलवली. वॉकर पुढे ठेवला, मग पाय.

मी टेबलाकडे गेलो. कॉम्प्युटर हिच्यामागे आत गेला होता, त्याने नंतर सांगितलं की न्यायाधीशांनी विचारलं, गाडी तुम्ही चालवत होता का, आणि ती हो म्हणाली. गुन्हा कबूल आहे का, हो म्हणाली. पायाकडे बघून न्यायाधीशांनी दया दाखवली. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कोर्टातच बसून राहण्याची कैद. तुरुंग नाही. लाकडी बाकावर, पाच वाजेपर्यंत. लेकीने उशी आणायची परवानगी मागितली. मिळाली.

माझी दहा मिनिटं लांबली. रिबन सरकत नव्हती. पाच वाजायला दहा मिनिटं असताना पूर्ण झालं. कॉम्प्युटरने दोन्ही पानं वाचली. म्हणाला, काका, टायपिंगची एकही चूक नाही.

पाचला कोर्ट उठलं.

बाहेर आल्यावर तिने कागदाबद्दल विचारलं नाही. मीही दाखवला नाही. लेक म्हणाली की आई माझ्याकडे येतेय, कायमची. भिंतीला सांगितलं, मला नाही. हिला पाय लांब करायला लागतो म्हणून मागच्या सीटवर मला जागा नव्हती. गाडी निघताना हिने काच खाली केली. म्हणाली, गॅसशेजारी दोन डबे आहेत. साखर उजवीकडे, मीठ डावीकडे. जागा बदलू नका, म्हणजे बघावं लागणार नाही.

२३ सप्टेंबर, सकाळी

कागद 'नियम' फाइलमध्ये लावला.

स्वतः चहा केला. उजवीकडच्या डब्यातून दोन चमचे. चहा खारट झाला.

डबे कोणीतरी हलवलेत. घरात मी एकटाच आहे.